देव मोटारीत बसला ती सकाळ

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

तुम्ही पाठवलेला फोटो मी आरशाच्या कडेला खोचून ठेवला आहे. तुमच्या बाबांची उंच जीप नदीच्या मधोमध उभी आहे, पाणी चाकांच्या वर आले आहे, आणि तुम्ही दोघे खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडता आहात. सुटीच्या दिवशी निव्वळ गंमत म्हणून रानातल्या कच्च्या वाटेने जायचे आणि तीच नदी पुन्हा पुन्हा ओलांडायची, असा खेळ तिकडे असतो हे मला ठाऊक नव्हते. फोटोच्या मागे तुम्ही लिहिले आहे, "आजी, तू असतीस तर घाबरून डोळे मिटून घेतले असतेस." ते वाचून मी पुष्कळ हसले. मग चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. कारण मुलांनो, अशा वाटेने मी एकदा मोटार चालवली आहे. माझी मोटारही नदीच्या मधोमध थांबली होती, आणि तुमचे बाबा त्याही मोटारीत होते.

बाबांना ही गोष्ट ठाऊक आहे, पण ऐकून ठाऊक आहे. त्या वेळी ते दोन वर्षांचेही नव्हते. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांपैकी घरात आता मी एकटीच उरले आहे, म्हणून आज लिहायला बसले. इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला वाचायला सोपे गेले असते. मी दोनतीनदा तसा प्रयत्नही केला. पण त्या सकाळी नदीत जी माणसे बोलली ती इंग्रजीत आणली की सगळी एकदम गंभीर आणि शहाणी होऊन बसतात, आणि ती तशी मुळीच नव्हती. तेव्हा सावकाश वाचा. अडेल तिथे बाबांना विचारा.

एकोणीसशे तीसनंतरची पहिली वर्षे असतील. तुमचे आजोबा रस्ते आणि तलावांच्या सरकारी खात्यात ओव्हरसीअर होते. आम्ही मंद्रूपच्या बाजूला, वस्तीपासून थोड्या अंतरावर, एका लहान कौलारू बंगलीत राहत होतो. एका अंगाला ज्वारीची काळी राने, दुसऱ्या अंगाला उघडा माळ, आणि उतरणीला थेट सीना नदीपर्यंत पसरलेले बाभळीचे बन. घरात आजोबा, मी, माझ्या सासूबाई आणि तुमचे बाबा. आजोबांनी एका साहेबाची जुनी फोर्ड घेतली होती. कापडी टपाची, उंच आणि सडपातळ चाकांची. ती सुरू करायची म्हणजे पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवावे लागे. गाडी चालवायला त्यांनी मला माळावर शिकवले. हँडलला मात्र हात लावू देत नसत, कारण ते उलटले की मनगट मोडते. सासूबाईंची माझ्या मोटार चालवण्याला हरकत नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच, की गावावरून जाताना डोक्यावर पदर असावा.

आता जे सांगायचे ते जरा अवघड आहे. तुमच्या बाबांच्या आधी मला एक मुलगी झाली होती. काही महिन्यांची होऊन ती गेली. त्यानंतर देवाशी माझे भांडण झाले असे मी म्हणणार नाही. भांडायला समोर कुणीतरी असावे लागते, आणि मला समोर कुणी दिसत नव्हते. मी सोलापुरात इंग्रजी शाळेत शिकले होते, वेळच्या वेळी सगळे करण्याची मला सवय होती. त्यामुळे संध्याकाळचा दिवा कधी चुकला नाही. समई घासलेली असे, वाती वळलेल्या असत, स्तोत्र बिनचूक म्हटले जाई. फक्त ते म्हणताना मी उद्याच्या भाजीचा विचार करत असे. सासूबाईंना हे कळत होते. त्या एकदाच म्हणाल्या, "नको बोलूस त्याच्याशी. पण दार तेवढं लावून घेऊ नकोस." दार मी लावले नव्हते. ज्या घरात कुणी राहत नाही त्याचे दार उघडे असते, तसे ते उघडे होते.

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला. दिवाळी तोंडावर आली तरी नदीला पाणी होते, आणि सोलापूरच्या मोठ्या रस्त्यावरची फरशी, म्हणजे नदीवरचा ठेंगणा पूल, पुरात खचल्यामुळे तो रस्ता बंद होता. आजोबा त्याच कामासाठी पुण्याला गेले होते. ते गेले आणि बाळाला ताप भरला. दोन दिवस आम्ही साधा ताप म्हणून काढे दिले. पुढच्या पहाटे त्याचा श्वास घरघरू लागला. गावातल्या वैद्यबुवांना बोलावणे धाडले. त्यांनी बाळाला कंदिलाशी नेले, चमच्याने जीभ दाबून घशात पाहिले, आणि चमचा खाली ठेवला.

"घटसर्प आहे," ते म्हणाले. "घशात पडदा धरलाय. माझ्यापाशी यावर काही नाही, बाई. सोलापुरात मोठ्या इस्पितळात यावरची सुई मिळते म्हणतात. पण श्वास कोंडायच्या आत पोचायला हवं."

बैलगाडीने वरच्या घाटावरून वळसा घालून जायचे म्हणजे संध्याकाळ झाली असती. वैद्यबुवांनीच बाभळीच्या बनातली वाट सांगितली. ती गाडीवाट ओढ्याच्या काठाकाठाने नदीच्या उतारापर्यंत जाते, म्हणजे पाणी उथळ असते त्या जागेपर्यंत. पलीकडे चढले की सोलापूरचा रस्ता लागतो. आमच्या शिपायाने हँडल मारून मोटार सुरू करून दिली. तो बरोबर यायला निघाला होता, पण आजोबांना तार करणे मला त्या घटकेला जास्त निकडीचे वाटले, म्हणून मी त्याला स्टेशनावर पाठवले. अशी मोटारीत आम्ही तिघेच बसलो. मी, शेजारी सासूबाई, आणि त्यांच्या मांडीवर शालीत गुंडाळलेले तुमचे बाबा.

ती वाट मी इतक्या वेळा मनात चालून आले आहे की त्यातले किती खरे आणि किती मागाहून उमटलेले हे आता मला सांगता येणार नाही. नुकते उजाडत होते. बाभळी पिवळ्या फुलांनी भरल्या होत्या आणि फांद्या टपाला घासल्या की ती बारीक गोंड्यांसारखी फुले आमच्या अंगावर पडत. वाटेवर आडवी कोळ्यांची जाळी होती, दवाने पांढरी झालेली. मोटार त्यांतून जाई तेव्हा ती समोरच्या काचेवर येऊन विरघळल्यासारखी नाहीशी होत. त्या जुन्या इंजिनाचा आवाज केवढा असे, तरी आठवणीत तिथे आवाजच नाही. आहे तो फक्त बाळाच्या श्वासाचा. सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि प्रत्येक श्वास संपला की पुढचा येईपर्यंत त्यांचा हात थांबत होता.

ओढा वाटेत पुन्हा पुन्हा आडवा येत होता. आपण पुढे जावे तर तो झाडांतून वळून परत समोर. आजोबांनी शिकवले होते की पाण्यात थांबायचे नाही आणि घाईही करायची नाही, एकच वेग धरायचा. मी तसे केले. पाणी दोन्ही बाजूंना पंखांसारखे उघडे आणि मागे मिटे. एका ठिकाणी बगळ्यांचा थवा पाण्यात उभा होता. ते उडाले नाहीत, नुसते जरा बाजूला सरले आणि आम्हाला जाऊ दिले. मला वाटले, मी झोपेत तर नाही ना? मग शेजारी पुन्हा तो घासलेला श्वास आला आणि मी जागी झाले.

सीना आली तेव्हा ऊन वर आले होते आणि पाण्यावर पातळ धुके होते. गाड्यांच्या चाकोऱ्या सरळ पाण्यात उतरत होत्या आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वर निघताना दिसत होत्या. मधले सगळे धुक्यात. मी मोटार पाण्यात घातली. अर्ध्यापर्यंत ती नीट गेली. मग एकाएकी खालची जमीन मऊ झाली, मागची चाके वाळूत बसली, इंजिन दोनदा खोकले आणि थांबले.

इंजिन थांबल्यावर नदी ऐकू येऊ लागली. मी खाली उतरले. पाणी मांड्यांपर्यंत होते आणि पायाखालची वाळू सारखी निसटत होती. जिथे हँडल घालायचे ते तोंडच पाण्याखाली गेले होते. बाळाला उचलून मी चालत पलीकडे जाऊ शकले असते. पण काठ जवळ होता, सोलापूर जवळ नव्हते. मी मागून ढकलून पाहिले. मोटार हलली नाही, मीच आणखी रुतले. परत येऊन आपल्या जागेवर बसले. लुगडे ओले झाले होते.

"भोंगा वाजव," सासूबाई म्हणाल्या.

"इथं कोण आहे ऐकायला?"

"तू वाजव गं."

मी रबरी भोंगा दाबत राहिले. तो हंसासारखा ओरडत होता आणि धुके तो आवाज गिळत होते. बाळाचे ओठ निळसर दिसू लागले होते. मला जे येत होते ते सगळे करून झाले होते. मी मनाशी म्हटले, "आता मला काही येत नाही." त्याला प्रार्थना म्हणता येईल की नाही, मला ठाऊक नाही. मी कुणाला उद्देशून ते म्हटले हेही मला ठाऊक नव्हते.

मग ढोल वाजू लागले. आधी मला ते माझ्या कानांतले ठोके वाटले. सासूबाईंनी मान वळवली तेव्हा कळले की त्यांनाही ऐकू येते आहे. मागच्या काठावर बाभळीतून पिवळे काहीतरी बाहेर आले. धनगरांची पालखी होती ती, बिरोबाची. पुढे ढोलवाले, मधे चौघांच्या खांद्यावर पालखी, मागे घोंगड्या पांघरलेले म्हातारे आणि डोक्यावर कळशा घेतलेल्या बायका. सगळ्यांच्या कपाळांवर आणि खांद्यांवर भंडारा, म्हणजे हळदीची पूड. देवाला नदीवर आंघोळीला आणले होते. आम्हाला पाहून ती सगळी काठावर थबकली, पण ढोल थांबले नाहीत.

"आरं, मोटार! नदीत मोटार!" पालखीचा एक तरणा भोई ओरडला.

"पेट्रोल पिऊन कटाळली आसंल," दुसरा म्हणाला. "आली पानी प्यायला."

"गप रं मुडद्या," एक उंच, जाड आवाजाची बाई पुढे येत म्हणाली. "लेकरू हाय तिच्यात. त्येचा आवाज ऐक की जरा."

रिकामे होते ते तीनचार म्हातारे पाण्यात आले आणि त्यांनी मागून जोर लावला. मोटार जागची हलली नाही. ती बाई कमरेवर हात ठेवून पाहत होती. मग काठाकडे वळून तिने हाक दिली. तिथे पालखीच्या बाजूला पांढऱ्या दाढीचे पुजारी उभे होते. ते तिचे थोरले भाऊ.

"दादा, पालखीवाली सोडा की. ढोलवाली बी सोडा. म्हाताऱ्यांच्यानं न्हाय निघत ही."

"देव भुईला टेकवायचा न्हाय," पुजारी म्हणाले. "देवळातनं उचलला की पान्याला लागंस्तवर न्हाय. तुला ठावं न्हाय व्हय?"

"ठावं हाय. म्हनून तर इचारती."

"फांदीला अडकवू का?" तरणा भोई म्हणाला.

"तुलाच अडकिवतो उलटा," पुजारी म्हणाले, आणि पाण्यात उतरून आमच्याकडे यायला लागले.

ते मोटारीपाशी आले आणि सासूबाईंच्या बाजूला वाकून बाळाचा श्वास ऐकत राहिले. त्यांच्या दाढीतही हळद होती. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"बाई, तुमची मांडी मोकळी हाय न्हवं?"

मला प्रश्न समजला नाही. "मोकळी आहे," मी म्हटले. तो शब्द माझ्या तोंडून निघाला आणि मला एकदम माझी मुलगी आठवली.

"मग देव घ्या मांडीवर. भुईला टेकवायचा न्हाय म्हनत्यात. मांडी काय भुई न्हाय."

सासूबाई दचकल्या. "अहो, आम्ही पारोशा आहोत. पहाटे उठलो तशाच निघालो. हिची आंघोळ झालेली नाही."

"आव्वा," पुजारी म्हणाले, "मोटार नदीत, तुमी मोटारीत. आनी आंघूळ म्हंजी काय असती? अन् देव तरी कुटं न्हालाय अजून? त्यो बी पारोसाच हाय की."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. कुणाच्या हातचे पाणी चालते आणि कुणाच्या हातचे नाही हे जन्मभर जपलेली ती बाई. "पदर पसर," त्या मला म्हणाल्या.

पुजाऱ्यांनी काठावर माघारी जाऊन पालखीतून देवाचा मुखवटा काढला. चांदीचा चेहरा, मोठे उघडे डोळे, मागे लाकडी गाभा, आणि सगळ्याला गुंडाळलेले मऊ जुने धोतर. पाण्यातून तो दोन्ही हातांवर धरून ते आले आणि त्यांनी तो माझ्या ओल्या मांडीवर ठेवला. मुलांनो, मी अजून त्या क्षणापाशी आले की लिहिणे थांबवते. कारण ते वजन मला ओळखीचे होते. काही महिन्यांच्या मुलाचे असते तेवढेच. मला कुणी सांगितले नाही, पण माझा डावा हात आपोआप त्याच्या मानेखाली गेला.

मग सगळे एकदम घडू लागले. ढोल बायकांनी आपल्या गळ्यात घेतले, कारण आंघोळ होईपर्यंत तेही थांबवायचे नसतात. रिकामी पालखी दोघींनी डोक्यावर घेतली. तिची लांब दांडी सोडवून पुरुषांनी मोटारीच्या पोटाखालून आरपार घातली. कुणी दांडीला, कुणी चाकाला, कुणी पायरीला लागले. ढोलांचा ताल जरा चुकत होता, म्हणून एक म्हातारा बायकांना नावे ठेवत होता. "तुमीच उचला मग मोटार," असे त्याला उत्तर मिळाले. पुजारी सर्वांच्या पुढे पाण्यात उभे राहिले आणि त्यांनी मूठभर भंडारा वर उधळला.

"आता ही मोटार न्हाय," ते म्हणाले. "आता ही पालखी हाय. देव बसलाय हिच्यात. उचला!"

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!"

आणि आम्ही वर उठलो. वाळूने मोटार सोडली तेव्हा खालून एक लांब उसासा ऐकू आला. पाणी चाकांवरून गळू लागले. मोटार त्यांच्या खांद्यांवर नव्हती, कमरेच्या जरा वर असेल. पण मला वाटले, आम्ही बाभळीच्या शेंड्यांइतके उंच आहोत. पिवळी पूड धुक्यात तरंगत होती आणि तिच्यावर ऊन पडले होते, त्यामुळे सगळी हवाच भंडाऱ्याची झाली होती. मी अजूनही उजव्या हाताने मोटार वळवायचे चाक गच्च धरून बसले होते. माझ्या बाजूने ती जाड आवाजाची बाई गळ्यात ढोल घेऊन चालली होती. तिने ते पाहिले आणि ती एवढ्या मोठ्याने हसली की उचलणारेही हसू लागले.

"बाई, सोड की त्ये चाक! आता कुटं वळवनार हायस?"

मी चाक सोडले. दोन्ही हात देवाभोवती घेतले. त्यानंतरचे मला सलग आठवत नाही. मोटार डोलत होती, पाळणा डोलतो तशी. माझ्या छातीशी देवाचे थंड कपाळ टेकले होते. शेजारी बाळाचा श्वास चालू होता, ढोल चालू होते, नदी चालू होती, आणि यांतले काहीही माझ्या हातात नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे. भीती गेली असे नाही. ती होती, पण तीही कुणीतरी उचलून नेत होते.

पलीकडच्या कोरड्या वाळूवर त्यांनी आम्हाला ठेवले. पुजाऱ्यांनी मुखवटा माझ्याकडून घेतला. मांडी हलकी झाली, तरी मोकळी वाटली नाही. मी खाली उतरून इंजिनाचे झाकण उघडले आणि आजोबांनी दाखवले होते तसे आतली तारांची पेटी पदराने पुसू लागले. पदरच ओला होता. तरण्या भोयाने न विचारता आपली कोरडी घोंगडी पुढे केली. मग हँडलही त्यानेच मारले. पहिल्या फेऱ्याला ते उलटले आणि तो मागे बसला. "म्हसरागत लाथ मारती की ही!" दुसऱ्याने त्याला बाजूला केले, नेट लावला, आणि इंजिन धडधडू लागले. सगळ्या बायका दोन पावले मागे सरल्या.

काठावर तोवर नवा वाद सुरू झाला होता. देवाची आंघोळ नेहमी गावाकडच्या काठावर व्हायची, तेव्हा पालखी पुन्हा पलीकडे न्यायला हवी असे म्हातारे म्हणत होते. पुजारी ऐकेनात. "देव आपनहून हिकडं आला. त्येला माघारी न्हेऊन मग आंघूळ घालायची? हितंच घाला." निघता निघता सासूबाईंनी हात पुढे केला, आणि पुजाऱ्यांनी बाळाच्या कपाळाला चिमूटभर भंडारा लावला. आंघोळ पाहायला आम्ही थांबलो नाही. मागे वळूनही पाहिले नाही, कारण वाट चढाची होती आणि माझे लक्ष चाकावर होते.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी बाळाला माझ्या हातून घेतले. सुई दिली. नंतर बाहेर येऊन ते म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर..." बाळाच्या कपाळावरची हळद त्यांनी पुसू दिली नव्हती, हे मला परिचारिकेने सांगितले. आजोबा तार मिळताच निघून आले. काही दिवसांनी एका सकाळी बाळाने घोगऱ्या आवाजात "पानी" म्हटले, तेव्हा आम्ही तिघांनीही एकदम तांब्याकडे हात नेला.

थंडी पडल्यावर आम्ही सगळे त्या धनगरांच्या गावी गेलो. पुजारी मेंढ्यांच्या वाड्यापाशी उन्हात बसले होते. त्यांनी तुमच्या बाबांना मांडीवर घेतले, तोंड उघडायला लावून घशात पाहिले, आणि मेंढीचे दूध पाजले. आजोबांनी त्यांना विचारले, की त्याच वेळी तुम्ही तिथे कसे आलात? त्यांना त्यात विचारण्यासारखे काही वाटले नाही. देव आदल्या दिवशीच निघायचा होता, ते म्हणाले, पण ढोलाचे कातडे फुटले आणि ते नवे चढवून मिळेपर्यंत एक दिवस मोडला. एवढेच. मी पुजाऱ्यांना म्हटले, "देवानं आम्हाला नदीपार नेलं." तशी त्यांची ती जाड आवाजाची बहीण आतून म्हणाली, "तुमी तसं म्हना. आमी म्हंतो, देवाला मोटारीत बसायचं हुतं."

त्या ढोलाच्या कातड्याचा मी फार विचार केला आहे. ते फुटायला आणखी कितीतरी दिवस होते, तो एकच का? पण मी तुम्हाला काही पटवून द्यायला बसलेले नाही. तुम्ही विज्ञान शिकता, आणि ते नीट शिका. बाळाला सुईने वाचवले, हे मला तेव्हाही कळत होते आणि आजही कळते. मला सांगायचे आहे ते निराळेच. मी तोवर समजत होते की शरण जाणे म्हणजे आपले ओझे देवाच्या अंगावर टाकणे. मला ते कधी जमले नाही, कारण माझा तसा स्वभाव नाही. त्या सकाळी मात्र उलटेच झाले. देवच कुणीतरी माझ्या मांडीवर आणून ठेवला, सांभाळायला. माझे हात त्याने भरून गेले म्हणून मला चाक सोडावे लागले, आणि मी चाक सोडले तेव्हा कळले की मोटार केव्हाची उचललेली आहे. तेव्हापासून संध्याकाळी दिवा लावताना मी भाजीचा विचार करत नाही. कधीकधी काहीच म्हणत नाही, स्तोत्रही नाही. नुसती हातांची ओंजळ मांडीवर ठेवून बसते. सासूबाईंनी हे पाहिले होते.

तो उपकार मी फेडू शकले नाही आणि फेडायचा विचारही सोडून दिला. चाक सोडायला सांगणाऱ्या त्या बाईचे नावसुद्धा मी विचारले नव्हते. दरवर्षी दिवाळीच्या आधी मी तिला, तिच्या भावाला आणि त्या सगळ्या ओल्या, हसऱ्या माणसांना मनातून हात जोडते.

आजोबा गेले, सासूबाई तर त्यांच्या फार आधी. पुजारी आणि त्यांची बहीणही आता नाहीत. ती फोर्ड भंगारात गेली. बाभळीचे बन तोडून तिथे ऊस लावला आहे आणि नदीवर रुंद पूल झाला आहे, त्यावरून मोटारी न थांबता जातात. गेल्या दिवाळीत त्या गावचे एक शिक्षक भेटले, त्यांच्याकडून मी मुद्दाम विचारून घेतले. बिरोबाची पालखी अजून दरवर्षी पाण्यातून नदी ओलांडून सोलापूरकडच्या काठावर येते, आणि देव तिथेच आंघोळ करतो.